विनाशिकेच्या नाकावरचं फूल

"मराठी धड येत नाही, इंग्रजीत तोंड उघडत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं तरी काय हिला?"

काका हे काकूंना म्हणाले, तेव्हा मी चार फुटांवर काचेच्या पेटीवरचे बोटांचे ठसे पुसत होते. काकू हसल्या. मी पुसत राहिले.

काका सख्खे नव्हेत. ग्लासगोतले निवृत्त डॉक्टर, गणपतीच्या कार्यक्रमात भेटलेले. एका छोट्या म्युझियमसाठी ते जहाजांची मॉडेल्स करत, आणि 'आपलीच पोरगी आहे, टायपिंग करेल' म्हणून मला तिथे त्यांनीच आणलं होतं. पेटीत त्यांची सहा वर्षांची मेहनत होती: इथेच, क्लाइड नदीच्या काठी बांधून जपानला विकलेली एक विनाशिका. पेटीशेजारी लावायचं तिच्याविषयीच्या माहितीचं कार्ड मी लिहिलं होतं. खाली माझं नाव येणार होतं, पहिल्यांदाच कुठेतरी.

ऑफिसनंतर दोन महिने मी तिचा इतिहास शोधत होते. तरुणपणी तिने किनाऱ्यांवर गस्त घातली. म्हातारी झाल्यावर तोफा काढल्या, इंजिन काढलं, आणि नव्या खलाशांना शिकवायला धक्क्याला बांधून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बॉम्ब पडले, ती बांधलेल्या जागीच बुडाली. एकाही फोटोत तिच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, काही नव्हतं. काकांच्या मॉडेलवर मात्र सोनेरी शेवंती होती, जपानी सम्राटाचं चिन्ह. जपानच्या सहलीत त्यांनी ते एका मोठ्या युद्धनौकेवर पाहिलं होतं आणि भारावून इथे चिकटवलं. पण जपानी आरमार ज्या मोठ्या जहाजांना 'युद्धनौका' म्हणून मोजत असे, त्यांनाच ते फूल मिळायचं. विनाशिका त्या मोजणीत नव्हत्या.

मी हे तीन आठवड्यांपूर्वी फोटोंसकट त्यांना ईमेल केलं होतं. उत्तर आलं, 'बेटा, तू स्पेलिंग बघ.' मग त्यांनी माझ्या कार्डात स्वतःच घातलं: 'तंतोतंत प्रतिकृती'. धक्क्यावरची वर्षं काढून टाकली. "रडका शेवट कोण वाचतं?"

क्युरेटरबाई कार्ड घेऊन आल्या. दुपारी ते छापायला जाणार होतं. त्यांनी माझ्याकडे बघून इंग्रजीत विचारलं, "सगळं बरोबर आहे ना? नाव तुझं आहे."

"हो हो, तिला मान्य आहे," काका इंग्रजीत म्हणाले. "फार लाजते ती." मग मराठीत, हसतच, माझ्याकडे न बघता: "मान हलव गं, ठोंबे."

मला ते आवडत नव्हते. पहिल्या दिवसापासून नव्हते. त्यांच्या बोटांचं कौतुक होतं, आणि त्याचाही राग यायचा. मी फडकं पेटीवर ठेवलं. बाईंनी पेन उघडलं होतं.

"काका," मी म्हणाले, "ते फूल खोटं आहे. आता हे यांना इंग्रजीत तुम्ही सांगता, की मी सांगू?"