चाबी हरवली की मंदाला फोन

चाबीवाल्याकडे हसत कोणी येत नाही. येताना प्रत्येकाचं तोंड पडलेलं असतं, आणि मशीनवर नवी चाबी कापली जाईपर्यंत त्याला दुसरं काही काम नसतं. मग तो बोलतो. कुठे हरवली, कोणामुळे हरवली, घरचे काय म्हणाले, सगळं! पितळेचा भुसा आम्ही संध्याकाळी झाडून काढतो. ह्या गोष्टी कुठे झाडणार? साचत गेल्या.

आमचं दुकान चंद्रपुरात, एका अरुंद गल्लीत. दुकानात माणसं दोनच, मी आणि माझी बायको मंदा. चाबी कापायची, कानशीनं घासायची, कुलपात तुटलेला तुकडा चिमट्यानं काढायचा, हे माझं काम. रिमोट, चिप, लॅपटॉप, म्हणजे आजकालच्या गाड्यांचे सगळे नखरे मंदाकडे. नियम मात्र दोघांना एकच: गाडी चालू झाल्याशिवाय घरी यायचं नाही. नियम मंदाचा आहे. मी फक्त पाळतो!

*

पोंभुर्ण्याचे एक भाऊ गाडी ट्रॅक्टरला बांधून घेऊन आले. समोर लिंबू-मिरची, आत अंगारा, स्टिअरिंगला काळा धागा.

"दार उघडते, सेल मारते, इंजिन चालू होते, अन् लगेच मरते," ते म्हणाले. "बाहेरचं काहीतरी हाय, बाई."

मंदानं डॅशबोर्डकडे पाहिलं. तिथे चाबीच्या चित्राचा लहानसा लाल दिवा लुकलुकत होता. तिनं विचारलं, "चाबी नवी बनवली का?"

"हाव. जुनी धानाच्या रोवणीच्या चिखलात गेली. ही बाजारातून बनवली. हुबेहूब हाय!"

"हुबेहूब आहे, पण हिच्या डोक्यात काहीच नाही," मंदा म्हणाली. मग तिनं त्यांना दुकानातल्या एका चाबीचं प्लास्टिक उघडून आतली चिप दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी. गाडी दात पाहून दार उघडते, पण इंजिन चालू ठेवायचं की नाही, ते ही चिप पाहून ठरवते. चिप नसली की गाडी समजते चोर आला, आणि बंद पडते.

मी चिपवाली चाबी कापली. मंदानं मशीन लावून गाडीला तिची ओळख करून दिली. गाडी चालू झाली, चालूच राहिली. भाऊ मात्र विचारात पडलेले.

"म्हणजे गाडी बी चाबीच्या डोक्यात काय हाय ते पाह्यते?"

"पाहते ना."

"आमी जावई करतानी नुसतं बाहेरूनच पाह्यलं जी!"

*

बल्लारपूरचे एक काका. जुनी जीप, इतकी जुनी की तिचं इग्निशनचं कुलूप झिजून गुळगुळीत झालेलं. खिशातून त्यांनी स्टीलचा चमचा काढला, दांडी कुलपात घातली, फिरवली. जीप चालू!

अशा वेळी नवी चाबी कापून उपयोग नसतो, कुलूपच बदलावं लागतं. मी तसं सांगितलं. आणि कौतुकानं म्हटलंही, "काका, इतक्या वर्षांचं चाललंय तर चालू द्या ना. काऊन बदलता?"

काका चमचा रुमालानं पुसत म्हणाले, "घरी पाहुणे येऊन राह्यले. एक चमचा कमी पडते!"

*

मूलकडच्या एका राईस मिलवाल्या भाऊंनी नवीकोरी गाडी घेतली. चाबी खिशातच ठेवायची, बटन दाबलं की गाडी चालू. एके दिवशी चाबीतला सेल संपला. ना दार उघडे, ना गाडी चालू होई. भाऊंनी मंदाला फोन लावला.

काळजीचं काही नसतं हो! अशा चाबीच्या पोटात एक लोखंडी चाबी लपलेली असते, तिनं दार उघडतं. आणि सेल मेला तरी चिप जिवंत असते. चाबी त्या बटनाला टेकवली की गाडी तिला ओळखते. मंदानं फोनवर सगळं समजावलं. दार उघडलं.

"आता ब्रेक दाबा, अन् चाबी बटनाला टेकवून धरा."

"टेकवली."

"काही झालं?"

"नाई."

"घट्ट टेकवा भाऊ."

"घट्टच हाय ना बाई!"

मंदा हार मानणारी नाही. ब्रेक सोडा, पुन्हा दाबा. चाबी उलटी करून टेकवा. श्वास रोखून टेकवा म्हणायचंच फक्त बाकी होतं.

शेवटी भाऊ म्हणाले, "बाई, दुसऱ्या बटनाले टेकवून पाहू का? वरचं जरा तुटलेलं हाय."

"कोणतं वरचं?"

"शर्टाचं!"

*

राजुऱ्याकडे एका लग्नात बोलावणं आलं. लग्न लागलेलं, वरात निघायची वेळ, गाडी फुलांनी सजलेली, आणि चाबी बॅगेसोबत डिक्कीत गेलेली. कोणीतरी डिक्की आपटली. चारी दारं लॉक.

आम्ही पोचलो तेव्हा नवरदेवाचे काका हातात दगड घेऊन उभे होते. "फोडा काच! गृहप्रवेशाचा मुहूर्त काय थांबते का?"

"थांबा," मी म्हटलं. "गाडी कोणाच्या नावावर आहे? कागद पाहिल्याशिवाय आम्ही हात लावत नाही."

सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. नवरदेवानं स्वतःच्या मोजड्यांकडे पाहिलं.

"माझ्या नावावर हाय," मागून आवाज आला. नवरी! सरकारी दवाखान्यात नर्स होती ती. शालूचा पदर सावरत पुढे आली, मोबाईलमध्ये कागद दाखवले, आणि काकांच्या हातातला दगड घेऊन शांतपणे रस्त्याच्या कडेला ठेवला. "काच फुटनार नाई. तुमी करा भाऊ. थांबते मी."

मी दाराच्या फटीत हवेची छोटी पिशवी सरकवून फुगवली, त्या फटीतून सळी घातली आणि आतलं बटन ओढलं. तिकडे काका घड्याळ दाखवत होते, बँडवाले दोनदा सुरू होऊन थांबले. नवरी गाडीच्या समोर उभी, हलली नाही. दार उघडलं, डिक्की उघडली, चाबी निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

काका चाबी घ्यायला पुढे झाले. नवरीनं ती मुठीत धरली.

"काका, तुमी मांगं बसा."

"अन् चालवन कोण?"

"ज्याच्या नावावर हाय ते."

नवरदेव मुंडावळ्या सावरत बाजूच्या सीटवर बसला. आणि कोणी न सांगता त्यानं बेल्ट लावला!

*

एक आजोबा ऑटोनं दुकानात आले. हातात गाडीचे कागद, आधार कार्ड, सगळं बरोबर. चाबी बनवून पाहिजे.

"जुनी कुठे हरवली?" मंदानं विचारलं.

"हरवली नाई. पोरानं लपवली."

डोळ्यांना नीट दिसत नव्हतं त्यांना. काउंटर चाचपत आले होते. मी मंदाला हळूच म्हटलं, कागद तर बरोबर आहेत. ती म्हणाली, "कागदाला काय, रस्त्यावर तर माणसं असतात." आणि आजोबांना तिनं सरळ सांगितलं, "चालू होणारी चाबी मी देणार नाही."

आम्हाला वाटलं, चिडतील. आजोबा म्हणाले, "मले कुठी चालवाची हाय, बाई? मले आत बसाचं हाय. आमची घरवाली बाजूच्या सीटवर बसे. मी चालवतानी रस्ता तेच सांगे. लेकाले असं कसं सांगू?"

मंदानं अवजारांची पिशवी उचलली. आम्ही दोघं त्यांच्यासोबत घरी गेलो. मुलगा घरीच होता. मंदानं त्याच्यासमोर सगळं सांगितलं, आणि मी चिप नसलेली साधी चाबी बनवून दिली. दार उघडेल, गाडी चालणार नाही.

आजोबा स्टिअरिंगवर बसले. आरसा नीट केला. आमचा निरोप घ्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. आम्ही फाटकापर्यंत आलो, तेव्हा ते बाजूच्या रिकाम्या सीटकडे वळून म्हणत होते, "सांग आता. कुठून वळू?"

मुलगा पोर्चच्या खांबाला टेकून उभा होता. मग तोही गेला आणि मागच्या सीटवर बसला.

*

आता एटापल्लीकडची गोष्ट सांगतो.

जंगलातल्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. मोहफुलं, हिरडा, चारोळी गोळा करतात. पूर्वी एक व्यापारी गावात येऊन माल उचलायचा, भाव तोच ठरवायचा. बायकांनी गटाच्या नावावर एक पिकअप घेतली आणि माल थेट मोठ्या बाजारात न्यायला लागल्या. गाडी चालवणारी जैनीबाई. गाडी शिकायला ती रोज आलापल्लीला जायची, लोक हसायचे म्हणे. आता कोणी हसत नाही.

एका रात्री तिचा फोन आला. "काल बाजूच्या बाजारात पायी गेलो, तिथं चाबी गेली, भाऊ. चहा प्यायला बसलो होतो, पिशवीतून गेली. आज आमी साऱ्या जणी जंगलातल्या वाटेनं शोधलो, दिवस गेला. एकच चाबी होती. उद्या मोठा बाजार हाय, गाडी भरलेली उभी हाय."

गटाच्या नावचे कागद तिनं फोनवरच पाठवले. आम्ही पहाटे आमची व्हॅन काढली.

पोचलो तर पिकअपमध्ये मोहाची पोती आणि पोत्यांवर बायका बसलेल्या. सकाळीच तो व्यापारी येऊन गेला होता. म्हणाला, गाडी बंद, माल सडन, मलेच द्या. भाव आधीच्यापेक्षा कमी! गटातली सर्वांत म्हातारी बाई त्याला एकच शब्द बोलली होती, "हिल्ले." म्हणजे गोंडीत, नाही. वर जैनीबाई म्हणाली होती, "टोपल्यात भरून डोक्यावर नेऊ, पण तुले देनार नाई."

मी कामाला लागलो. जुनी चाबी समोर नसली की अंदाजानं बनवावी लागते. कोरी चाबी कुलपात घालून हलवायची, आतल्या पत्त्या तिच्यावर बारीक खुणा करतात, त्या खुणांवर कानस मारायची. पुन्हा घालायची, पुन्हा घासायची. ऊन चढलं, घाम कुलपावर टपकत होता. एक कोरी चाबी वाया गेली. दुसरी फिरली! स्टिअरिंगचं लॉक सुटलं.

आता मंदा. तिनं डॅशबोर्डखाली मशीन जोडलं. अर्ध्यात एरर. गाडीची बॅटरी उतरलेली. आमच्या व्हॅनला केबल जोडून पुन्हा लावलं. पुन्हा एरर. कोणीतरी म्हणालं, "राहू द्या बाई, टोपल्या काढतो." मंदानं डोकं वर न काढता सांगितलं, "टोपल्यांना हात लावू नका." केबलची टोकं घासून स्वच्छ केली, परत जोडली, परत लावलं. आणि मशीननं 'ओके' दाखवलं!

जैनीबाईनं चाबी फिरवली. इंजिन गुरगुरलं आणि गुरगुरतच राहिलं. बायकांनी असा आवाज केला की झाडावरचे बगळे उडाले.

मंदा तिला म्हणाली, "आणखी एक केलं. गाडीच्या आठवणीतून जुनी चाबी पुसून टाकली. ती कोणाला सापडली तरी तिनं गाडी चालणार नाही."

इंजिन बंद करून जैनीबाई आम्हाला जेवायला चला म्हणत होती, तेवढ्यात मोटरसायकल आली. तोच व्यापारी. आमची व्हॅन पाहिली, पसरलेली अवजारं पाहिली. खिशात हात घातला आणि मोठ्यानं म्हणाला, "अहो बाई, तुमची चाबी! आता येतानी नाल्यापाशी दिसली. म्हटलं, द्यावी नेऊन. काऊन खर्चात पडता?"

मी बोलणार होतो. जैनीबाईनं हातानंच थांबवलं. जुनी चाबी त्याच्याकडून घेतली, गाडीत बसली, चाबी लावली, फिरवली.

इंजिन चालू झालं आणि लगेच बंद पडलं. तिनं पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. लाल दिवा लुकलुकत राहिला.

व्यापाऱ्यानं खिडकीतून आत वाकून पाहिलं. खरंच गोंधळला होता बिचारा.

"असं कसं?" तो म्हणाला. "काल तर एका झटक्यात चालू झाली होती!"

पोत्यांवरच्या बायका एकेक करून खाली उतरल्या.

जैनीबाईनं ती चाबी काढली, त्याच्या हातावर ठेवली, आणि अगदी हळू विचारलं, "काल कोणत्या वेळेस, शेठ?"