कारण शोधणारे व्याही

सरळ माणसाइतका आप्तांना छळणारा प्राणी जगात दुसरा नाही, आणि आमच्या व्याह्यांइतका सरळ माणूस कल्याणपासून ठाण्यापर्यंत कंदील घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, ठाकुर्लीला दोन खोल्यांत एकटे राहतात. नोकरी पाणीखात्यातली, आणि उभी हयात गेली ती जमिनीखालची गळती शोधण्यात. लोखंडी कांब रस्त्यावर टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं आणि खाली पाणी कुठे सुसाटतंय ते ऐकायचं. लोकांना वाटायचं, हा माणूस रस्त्याशी बोलतो. माझ्या लेकीच्या लग्नात शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि बघतो तर नवरदेवाचे वडील जागेवर नाहीत! शोधाशोध झाली. हे कार्यालयाच्या मागच्या बाजूला, फेट्यासकट, बेसिनखाली बसून नळाचा वायसर बदलत होते. वर मलाच म्हणतात, "विहीणबाई, एवढं पाणी फुकट चाललंय आणि आपण अक्षता टाकत बसायच्या?"

जगात कुठलीही गोष्ट कारणाशिवाय बिघडत नाही, यावर त्यांची श्रद्धा. देवावर नाही, यावर. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा मी आपली तेल चोळत होते, तर हे डोंबिवलीला येऊन माझी उलटतपासणी घेत बसले. कधीपासून, कुठल्या बाजूला, चढताना की उतरताना. शेवटी दाराबाहेर जाऊन माझ्या चपला उचलून घेऊन आले आणि त्यांचे तळ माझ्या नाकासमोर धरले. डावी झिजलेली, उजवी धड. "सापडलं!" चपला बदलल्यावर दुखणं निम्मं झालं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. असल्या माणसाशी भांडायची सोय नसते, तो बरोबर निघतो.

तर मागच्या वर्षी आमची जुई गप्प झाली. जुई आमची दोघांची नात, ठाण्याला आईबापांबरोबर चौदाव्या मजल्यावर राहते, वय पंधरा. ही पोर हसली की खालच्या मजल्यावरचे लोक वर बघायचे. ती हळूहळू खोलीतून बाहेर येईनाशी झाली. केस विंचरणं बंद, ताटातलं अन्न इकडून तिकडे सरकवायचं, आणि बाकी वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. आम्ही सगळे शहाणे तिच्या उशाशी जाऊन बोलून आलो. कोणी म्हणालं दहावीचं टेन्शन, कोणी म्हणालं मोबाइल. "हे वयच तसलं, जाईल आपोआप," हे वाक्य मी स्वतः तीनदा म्हटलंय, खोटं कशाला बोलू. डॉक्टरकडे न्या, मनाच्या डॉक्टरकडे, आणि लाजू नका, असं म्हणणारे व्याही एकटे. त्यावर त्यांचा मुलगाच, म्हणजे आमचे जावई, म्हणाले, "बाबा, उद्या तिच्या लग्नात अडचण येईल." व्याही म्हणाले, "आधी ती आज जेवेल असं बघ." दोन महिने वाया घालवून आम्ही तिला नेली एकदाची. गोळ्या सुरू झाल्या. गुण यायला काही आठवडे जातात, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

पण गोळीने बरं होणं आणि कारण सापडणं ही व्याह्यांच्या लेखी दोन वेगळी कामं. मुलं एवढी उदास का होतात, हे मुळातून शिकायचं त्यांनी ठरवलं. रद्दीच्या दुकानातून इंग्रजी पुस्तकं आणली, खाकी कव्हरं घातली. त्या वयात बसने आणि रिक्षाने ठाण्या-कल्याणच्या कॉलेजांत जाऊन प्राध्यापकांच्या खोलीबाहेर विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहू लागले. ठाण्याच्या मानसशास्त्राच्या बाईंनी सांगितलं, कारण घरात शोधा. कल्याणच्या समाजशास्त्राच्या सरांनी सांगितलं, घराला काय दोष देता, समाजात शोधा. एक निवृत्त अर्थशास्त्रवाले भेटले, त्यांच्या मते सगळं नोकऱ्यांवर येऊन थांबत होतं. म्हणून एका रविवारी व्याह्यांनी तिघांना ठाकुर्लीला एकत्रच बोलावलं, आणि थालिपीठं लावायला मला.

मी तव्यापाशी, ते तिघे पुढच्या खोलीत. काय सांगू, नळावरची भांडणं बरी! बाई म्हणाल्या, आईबापांचं मुलांशी नातंच उरलेलं नाही. सर म्हणाले, "बाई, नातं उरायला आईबाप घरी तर हवेत. बारा तास ते बाहेर का असतात, ते बघा." अर्थशास्त्रवाले म्हणाले, "तेच तर मी म्हणतोय!" सर म्हणाले, "तुम्ही तसं म्हणत नाही आहात." व्याह्यांनी मेंदूतल्या रसायनांचं काढलं, तर तिघेही एकदम त्यांच्यावर तुटून पडले. एकमत झालं ते फक्त लोण्यावर, की अजून हवंय. शेवटी व्याही हात जोडून म्हणाले, "हे सगळं बरोबर असेल. पण मी संध्याकाळी नातीकडे जाणार आहे. तिथे जाऊन काय करू?" बाईंनी आणखी एक थालिपीठ वाढून घेतलं. मग अर्थशास्त्रवाले म्हणाले, "यावर अजून बरंच काम व्हायला हवं." पाहुणे गेल्यावर व्याही ताटं उचलताना मला म्हणाले, "आमच्या खात्यात हेच चालायचं. पाइपवाला म्हणणार पंपात दोष, पंपवाला म्हणणार पाइपात. नळाखाली हंडा लावून बसलीय तिला कोण विचारतो?"

मग हंडेवाल्यांनाच विचारू म्हणून हे ठाण्याजवळ दिव्याला गेले. तिथल्या चाळींतल्या मुलांना चार प्रश्न विचारायचे होते. पण पाणीखात्याचा माणूस आलाय ही बातमी त्यांच्या पुढे पोचली आणि बायकांनी यांना घेरलं. "साहेब, तुमची उदासी ऱ्हाऊ द्या, पाणी कधी सोडताय ते बोला!" निवृत्त झालोय हे कोणाला पटेना. जुईच्याच वयाची एक मुलगी कळशी घेऊन उभी होती. तिला विचारलं तर खिदळली. "आजोबा, उदास व्हायला टाइम कुठाय? टँकर आला की पळायचं असतं." यांनी ते वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली, खूश झाले. निघताना तीच मुलगी मागून आली आणि हळूच म्हणाली, "ते सकाळी उठावंसंच वाटत नाय, कायच नकोसं वाटतं, ते पण त्यातच येतं काय?" व्याह्यांनी तिथेच उभं राहून आधीचं वाक्य खोडलं. तिच्या आईला डॉक्टरांचा पत्ता लिहून द्यायला गेले, तर आई म्हणाली, "साहेब, तिला काय झालंय? धडधाकट हाय." हे मला सांगताना त्यांचा चहा तसाच गार झाला होता.

आता माझी पाळी येते, आणि इथे मला माझ्याबद्दल बरं लिहिता येणार नाही. पुस्तकात आनुवंशिकतेचं प्रकरण आलं, तेव्हा व्याह्यांनी दोन्ही घराण्यांची वंशावळ मांडायला घेतली. स्वतःच्या बाजूचं काही लपवलं नाही, एका चुलत्याचं, एका आत्याचं, सगळं लिहिलं. मग डोंबिवलीला येऊन मला विचारलं, "तुमच्याकडे कोणी, विहीणबाई? असं गप्प झालेलं, पडून राहणारं?" मी चहा ओतत होते. म्हटलं, "छे हो. आमच्याकडे असलं काही नाही."

होती. माझी थोरली ताई. कोकणात आमच्या घरी, मी नऊ वर्षांची होते आणि ताई सोळाची, तेव्हा ती वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. आई तिला कामचुकार म्हणायची, काकू नाटकी म्हणायची. मी तिला ओलांडून खेळायला जायचे. जुईची पाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हाच मला ताई आठवली होती. पण आम्ही पडलो मुलीकडचे. लेक देताना सांगितलं नाही ते आता कुठल्या तोंडाने सांगायचं? उद्या लेकीला कोणी म्हणालं, तुझ्या माहेरचंच आलंय पोरीत, तर? व्याही तरी असं कधी म्हणणार नाहीत, हे माहीत असून मी खोटं बोलले. त्यांनी माझ्या बाजूच्या सगळ्या चौकोनांत 'नाही' लिहिलं, आणि सरळ माणसासारखे आभार मानून निघून गेले.

त्यानंतर त्यांनी खात्यातली पद्धत काढली. गळती कुठे आहे कळेना, की एकेक व्हॉल्व बंद करून बघायचा. एका आठवड्यात एकच. पहिल्या आठवड्यात मोबाइल बंद, दुसऱ्यात क्लास. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लेकीचं बोलणं बंद. तिला 'मार्क', 'अभ्यास' आणि 'शेजारची अमुक बघ' हे तीन शब्दप्रयोग वर्ज्य केले, तर बिचारीला बोलायला काही उरेचना, आठवडाभर खुणांवर काढला. आणि रोज संध्याकाळी व्याह्यांचा फोन. "जुई, आज दहापैकी किती?" ती म्हणायची पाच, कधी सहा. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला त्याचा आलेख. एकदा मी तिच्याजवळ बसले असताना तिने "सहा" सांगून फोन ठेवला आणि मला म्हणाली, "काहीही सांगते मी, आजी. एकदा खरं सांगितलं होतं, तर आबा दोन दिवस जेवले नाहीत." हेही मी त्यांना सांगितलं नाही. म्हणजे बघा, एवढा खरा माणूस, आणि आम्ही दोघी आजी-नाती त्याला मापाने खोटं वाढत होतो.

सगळे व्हॉल्व झाले, आलेख तसाच. मग त्यांनी शेवटचा बंद केला, तो स्वतःचा. फोन नाही, भेट नाही, प्रश्न नाही. आणि नेमकी त्याच आठवड्यात जुई उठून बाहेर येऊन जेवली. दोनदा हसली. जावयांनी आनंदाने वडिलांना कळवलं. दुसऱ्या दिवशी व्याही माझ्याकडे आले, पाण्याचा घोटही न घेता म्हणाले, "विहीणबाई, गळती सापडली. मीच." आणि ठाण्याला जायचे थांबले. गोळ्यांचा गुण यायची वेळ आणि तो आठवडा एकच पडला असेल, किंवा रोजच्या आकड्यातून सुटल्याने पोरीला खरंच हलकं वाटलं असेल, किंवा दोन्ही. दुसरं कुठलंही कारण त्यांनी चारदा तपासलं असतं. स्वतःवर आलेलं मात्र एका आठवड्याच्या पुराव्यावर मान्य करून टाकलं. वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. महिना गेला, दुसरा लागला. मी ठाण्याला गेले की जुई दाराकडे बघायची. एकदा म्हणाली, "आबा येत नाहीत ते माझ्यामुळे ना? मी अशी आहे म्हणून कंटाळले ना?" आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

त्याच दुपारी मी ठाकुर्लीला गेले. दारातच म्हटलं, "व्याही, मी तुमच्याशी खोटं बोलले." आणि उभ्या उभ्या ताईचं सगळं सांगितलं. ओलांडून जायचे तेही. जुईचे आकडे खोटे होते तेही, ती आता काय समजून बसलीय तेही. मला वाटलं, चिडतील. नाही तर वह्या काढतील. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसल्यावर म्हणाले, "तेव्हा तुम्ही नऊ वर्षांच्या होतात."

म्हटलं, "ते सोडा हो. चहा ओतत होते तेव्हा मी एकोणसत्तर वर्षांची होते."

जाऊ दे, असं ते म्हणाले नाहीत. दुसरं कोणीही म्हणालं असतं. विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?" मी सांगितलं, वत्सला. आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारून किती वर्षं झाली असतील! मग ते उठले, चपला घालायला लागले. "चला, ठाण्याला. जुईला वाटतंय, दोन्ही घरांत अशी ती एकटीच. हे तिला कोणी सांगितलंच नाही. तुम्ही सांगा. मी नुसता बसेन."

आणि खरंच नुसते बसले. खिडकीशी स्टुलावर, हात मांडीखाली दाबून, म्हणजे प्रश्न सुटायला नकोत. जुईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि भिंतीकडे वळली नाही. मी तिला ताईचं सांगितलं. तिचे लांब केस, तिला येणाऱ्या ओव्या, ती कशी पडून राहायची, आम्ही तिला काय काय म्हणायचो. किती तरी महिन्यांनी पोरीने स्वतःहून प्रश्न विचारला. "मग पुढे तिचं काय झालं?"

"लग्न लावून दिलं."

"म्हणजे बरी झाली?"

"संसार केला, मुलं वाढवली. बरी झाली का... माहीत नाही गं. आता ती नाहीच. मी कधी विचारलं नाही तिला."

"कोणीच नाही?"

"कोणीच नाही."

जुई उठून बसली. "पनवेलची मावशी तिचीच मुलगी ना? तिला माहीत असेल. लाव ना फोन."

मी चष्मा लावून नंबर शोधायला लागले. व्याह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. जुई माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून फोनमध्ये बघत होती, तिचे न विंचरलेले केस माझ्या गालाला लागत होते. "सापडला का गं आजी?" थांब हं, म्हटलं, बघते. नंबर मला मघाशीच दिसला होता. खांदा न हलवता मी आपली नावं वर-खाली सरकवत राहिले.