सुनंदाला आलेली प्रतिकूल बाजू

चंद्रपूर स्टेशन आमच्या डोळ्यांदेखत मागे गेलं आणि आम्ही दोघं जागेवरून हललोसुद्धा नाही. त्या वेळी सुनंदा, म्हणजे माझी बायको, समोरच्या बाकावर बसून भाषण करत होती. "जिथल्या विहिरीचं पाणी लहानपणी प्यायलो, त्या मातीत उतारवयाचं झाड पुन्हा पालवतं," हे वाक्य ती म्हणत होती, आणि मी घड्याळ धरून तिचा वेळ मोजत होतो. गाडी थांबली, चार माणसं उतरली, चार चढली, गाडी सुटली. पाटी दिसली तेव्हा फलाट संपत आला होता.

"आता?" मी म्हणालो.

"आता समारोप," ती म्हणाली. तिला मी भाषणाबद्दल विचारतोय असं वाटलं.

नाशिकला आमच्या वसाहतीत दर रविवारी एक मंडळ भरतं. नोकरदार, गृहिणी, निवृत्त माणसं अशी सगळी मिळून भाषणाचा सराव करतो. माईक हातात घेतला की पाय लटपटू नयेत, एवढंच ध्येय. मी आधी जायला लागलो, सुनंदा नंतर माझ्या सोबतीला म्हणून आली आणि माझ्यापेक्षा बरी बोलायला लागली. मंडळाच्या ग्रुपवर गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं निमंत्रण आलं. जोडी-वादविवाद. दोघांनी मिळून नाव द्यायचं, पण बोलायचं एकमेकांविरुद्ध. कोण अनुकूल आणि कोण प्रतिकूल, ते तिथेच चिठ्ठी उचलून ठरणार. विषय होता: निवृत्तीनंतर माणसाने मूळ गावी परतावे.

हा विषय जणू माझ्यासाठीच काढला होता. येत्या उन्हाळ्यात मी निवृत्त होणार आणि कळवण तालुक्यातल्या माझ्या गावी, वडिलांच्या मळ्यात, घर बांधून राहणार, हे घरात ठरलेलंच होतं. निदान मी तसं धरून चाललो होतो. परतल्यावर गवंडी पाया आखणार होता. सुनंदाने अनुकूल बाजूची तयारी इतकी मन लावून केली की स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला की मला भरून यायचं. प्रतिकूल बाजूचा सराव मात्र ती करेना. "चिठ्ठी आली तर बघू. ती बाजू मला सुचतच नाही," म्हणायची.

चंद्रपूर हुकलं म्हणून पुढच्या स्टेशनावर उतरलो. डब्यातल्या एका बाईंनी "बल्लारपूर येऊन राह्यलं" म्हणून सांगितलं होतं, पण पाटीवर बल्लारशाह लिहिलेलं. मी परत गाडीत चढायला लागलो. मागच्या हमालाने माझी पिशवी धरली. "कुठी चालले जी? बल्लारपूर हेच हाये."

"मग पाटीवर?"

"पाटीवर बल्लारशाह हाये."

यापुढे विचारण्यात अर्थ नव्हता. आम्ही ऑटोने उलटे चंद्रपूरला आलो. बसस्थानकासमोर तर्री-पोहे (चण्याचा झणझणीत रस्सा घातलेले पोहे) घेतले. गाडीवाल्याने विचारलं, "वरतून सांबार टाकू का?" एवढ्या तिखटावर आणखी सांबार कशाला, म्हणून मी नको म्हणालो. सुनंदाने हो म्हटलं. तिच्या ताटलीत हिरवीगार कोथिंबीर पडली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माझे कोथिंबिरीविना पोहे बघून ती बराच वेळ हसत होती.

गडचिरोलीची बस मूल गावच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं तांबूस होत चाललेली. मग जंगल मागे सरकलं की कापणी झालेल्या बांध्या (बांध घातलेली भाताची खाचरं) आणि त्यांत धानाचे घुमटासारखे पुंजणे (गंजी). मध्येच एखादी बोडी (लहान तळं), तिच्यात पांढरे बगळे. आमच्याकडच्या द्राक्षांच्या तारा बघायची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळं फार मोकळं वाटत होतं.

आमच्या शेजारी एक साठीचे गृहस्थ बसले होते. गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नोकरी झाली आणि आता सावलीजवळच्या आपल्या गावी परत येऊन राहिलेत, असं त्यांनी सांगितलं. मला आयता मुद्दा मिळाला. मी विचारलं, "मग गावी बरं वाटतं ना?"

"वाटते ना जी. बहुत बरं वाटते. मंग महिन्याभरानं करमत नाई. मंग गडचांदूरले जातो. तिथी गेलो का गाव आठवते."

"म्हणजे परत यावं की येऊ नये?"

ते विचारात पडले. "यावं," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी काऊन आलो, ते मले अजून समजून नाई राह्यलं."

एवढा वेळ खिडकीबाहेर बघत असलेल्या सुनंदाने मान वळवली. "आणि वहिनी?"

"ते तिथीच हाये, गडचांदूरले. आली नाई ते."

"भांडण झालं?"

"नाई जी. भांडण कायचं? ते आली नाई, एवढंच."

सावलीला ते उतरून गेले. हा मुद्दा अनुकूल बाजूत बसतो की प्रतिकूल, ते मला ठरवता येईना. सुनंदाला विचारलं तर म्हणाली, "तुम्ही सगळ्याचे मुद्दे कशाला करता?" आणि पुन्हा बाहेर बघू लागली. पुढे वैनगंगेचा लांबलचक पूल आला. पात्रात पाणी कमी आणि वाळू जास्त होती. पूल संपेपर्यंत ती त्या वाळूकडे बघत होती.

गडचिरोलीला वाचनालयाचे सचिव माधवभाऊ काळीपिवळी (प्रवासी जीप) घेऊन आले होते. पन्नाशीचा, सडपातळ, धान पिकवणारा माणूस. "अंधाराच्या आंत पोचू," म्हणत त्यांनी आम्हाला घाईने बसवलं. रस्त्यावर वाघ निघतो, म्हणून इकडे संध्याकाळनंतर दुचाकीने कुणी जात नाही, आणि स्पर्धाही सकाळी सुरू करून उजेडातच संपवायची, असं त्यांनी सांगितलं. आमच्याकडे पाणी उशिरा येणार असल्याचं सांगतात, तितक्या सहज.

त्यांच्या घरी जेवायला नव्या तांदळाचा भात, लाखोरीची डाळ आणि वांग्याचं भरीत होतं. शालूबाई, म्हणजे माधवभाऊंच्या पत्नी, आग्रह करकरून वाढत होत्या. जेवण झाल्यावर बायकांची सोय शेजारच्या घरी आणि पुरुषांची वाचनालयात असल्याचं समजलं. एकदा शेवटचा सराव करू म्हणून मी सुनंदाला हाक मारली, तोवर ती शालूबाईंच्या मागोमाग निघूनही गेली होती. जाताना दोघी इतक्या भराभर बोलत होत्या की मला एक शब्द कळला नाही.

सकाळी वाचनालयासमोरच्या पटांगणात मांडव होता. मळणीची घाई असूनही माणसं बरीच जमली होती. बायका पुढे सतरंजीवर, पुरुष कडेला उभे. टेबलावर स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या. आमची पाळी आली. मी चिठ्ठी उघडली: अनुकूल. माझा जीव भांड्यात पडला. सुनंदाने आपली चिठ्ठी उघडली, वाचली आणि घडी घालून परत डब्यात टाकली.

मी आधी बोललो. विहीर, माती, पालवी, सगळं जागच्या जागी आलं. टाळ्या पडल्या. मग सुनंदा उठली. हातात कागद नव्हता. पहिलं वाक्य तिला सापडेना.

मग ती म्हणाली, "विषयात 'मूळ गाव' असा शब्द आहे. कुणाचं मूळ गाव, ते लिहिलेलं नाही."

बायकांमध्ये कुणीतरी हसलं. ती पुढे बोलू लागली, आणि तो आवाज मंडळातला नव्हता, भाजी निवडताना बोलतात तसा होता. "माझे यजमान निवृत्त झाले की त्यांच्या गावी जाणार आहेत. तिथे त्यांचे शाळेतले मित्र आहेत. ते ओट्यावर येऊन बसतील. मी चहा करीन. त्यांना रस्त्यात सगळे नावाने हाक मारतात. मला त्यांची मंडळी म्हणून ओळखतात. नाशिकला मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी स्कूटर शिकले. त्या गावात मी ती चालवली तर लोक दारात येऊन बघतील. मी दर दिवाळीला तिथे जाते. इतकी वर्षं गेले, पण तिथलं मीठ कुठल्या फळीवर असतं ते मला अजून विचारावं लागतं. सगळे म्हणतात, आम्ही परतणार. परत ते जातील. मी फक्त जाईन."

मग सतरंजीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेनात. शालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

नियमाप्रमाणे आता मला दोन मिनिटांचं प्रत्युत्तर द्यायचं होतं. मी माईकपुढे गेलो. तयार केलेली उत्तरं होती: शुद्ध हवा, कमी खर्च, भावकीचा आधार. त्यातलं एकही मला आठवलं नाही. मी सुनंदाकडे वळलो आणि म्हणालो, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

मांडव हसण्याने दणाणला. परीक्षकांनी घंटी वाजवली. प्रतिस्पर्ध्याला थेट प्रश्न विचारता येत नाही, असा नियम होता. मी उभाच राहिलो. लोकांना ते आणखी आवडलं. वेळ संपल्याची दुसरी घंटी झाली तेव्हा मी खाली आलो.

आरमोरीच्या दोन चुलतभावांना पहिलं बक्षीस मिळालं, आम्हाला दुसरं. परीक्षकांनी माझा हात दाबून धरला. "नवऱ्याची तारांबळ काय वठवली तुमी! आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात पायजे तुमी." बक्षिसात नव्या तांदळाची एक थैली होती. ती धरून आम्ही दोघांनी फोटो काढून घेतला. मी फोटोत हसतोय. का हसत होतो ते मला सांगता येणार नाही.

परतीच्या नागपूरच्या बसमध्ये थैली आमच्या पायांत होती. मला राग आला होता, आणि नक्की कसला ते समजत नव्हतं.

"ते खरं होतं?" शेवटी विचारलं.

"प्रतिकूल चिठ्ठी आली होती ना."

"सुनंदा."

ती थैलीच्या तोंडाची सुतळी सोडत-बांधत राहिली. "वर गेले तेव्हा डोक्यात काही नव्हतं. तोंडातून आलं ते ऐकून मीच घाबरले."

"मग साऱ्या गावासमोर? घरी सांगता आलं नसतं?"

"घरी पाच मिनिटं सलग कोण ऐकतं, अहो?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "इथे तुम्हाला मध्ये बोलायला बंदी होती."

मी पायांतली थैली सरळ केली आणि विचारलं, "आणि गाडीत जे म्हणत होतीस? विहीर, पालवी? किती मनापासून म्हणायचीस."

"तेही मनापासूनच होतं. तुमचं वर्णन ऐकून ऐकून मला ते गाव खरंच आवडायला लागलं होतं. म्हणताना वाटायचं, जावं." तिने सुतळीची गाठ मारली. "म्हणून तर दुसरी बाजू बोलून बघत नव्हते."

मूलला बस थांबली तेव्हा मी उतरून गवंड्याला फोन केला. पाया सध्या आखू नकोस म्हणालो. का, असं त्याने विचारलं. घरात चर्चा चालू आहे असं सांगितलं. त्याला ते चमत्कारिक वाटलं असावं. परत येऊन सुनंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "मी नको म्हटलेलं नाही हं."

"'होय'सुद्धा म्हटलेलं नाहीस."

"तेही नाही," ती म्हणाली आणि खिडकीच्या गजावर डोकं टेकून झोपून गेली.

नागपूरला आमची गाडी बरीच उशिरा होती. फलाटावर बाकावर बसून आम्ही संत्री सोलत होतो. तेव्हा तिने विचारलं, "तुम्हाला तिथे नक्की कशासाठी जायचंय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मित्र आहेत, म्हणणार होतो. पण त्यांतला एक मुलाकडे पुण्याला गेलाय आणि दुसऱ्याशी दिवाळीला पाऊसपाण्यापलीकडे बोलणं होत नाही. मळा आहे, तर तो भाऊ बघतो. मी म्हणालो, "वडील संध्याकाळी बांधावर बसायचे. मलाही तसं बसायचंय."

"एकट्याने?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने एक फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "मग सांगा. कसे बसायचे ते?"

मी सांगायला लागलो. ते पागोटं काढून मांडीवर ठेवायचे, आई त्यांच्या मागून पाटाचं पाणी सोडायला जायची, आणि आई कधी बसलेली मला आठवतच नाही, हे सांगतासांगताच माझ्या लक्षात आलं. सुनंदा मध्ये काहीच बोलली नाही. मग ती तिच्या आईबद्दल सांगू लागली, येवल्याच्या घराबद्दल, जे आता विकलं गेलंय आणि ज्याला कुणी तिचं मूळ गाव म्हणत नाही. मीही मध्ये बोललो नाही. गाडी आली तेव्हा संत्री संपली होती. आम्ही कुठल्या गावाच्या बाजूने बोलत होतो आणि कुठल्या विरुद्ध, हे तिलाही सांगता आलं नसतं आणि मलाही.