डोहावरचा पंप

जव्हारकडच्या वांगणीच्या डोंगरात ढवळूचा पाडा आहे. दिवाळी सरली की तो आणि त्याची बायको रामी पाडा सोडायची, भिवंडीकडे बांधकामावर जायची, आणि पावसाच्या तोंडावर परतायची. नागली-वरई संपल्यावर घरात राहून करायचं काय? उन्हाळ्यात आपला पाडा कसा दिसतो, हे चाळिशी उलटेपर्यंत ढवळूला नीट ठाऊकच नव्हतं.

मग एका संस्थेने पाड्याखालच्या ओहोळातल्या डोहावर सौरपंप बसवला. टेकाडावर पाच-सहा घरांनी मोगरा लावला. ढवळूला मोटरीतलं थोडंफार कळायचं, म्हणून पंप त्याच्या ताब्यात आला. त्या साली तो भिवंडीला गेला नाही. उजाडायच्या आत रामी कळ्या तोडायची आणि तो टोपली जव्हारच्या जीपवर चढवायचा.

पंप बसला तेव्हा सगळ्यांनी मिळून एक ठरवलं होतं. होळी झाली की पंप फक्त सकाळचा चालवायचा, डोहात पाणी राखायचं. ओहोळाच्या खालच्या अंगाला आणखी एक पाडा होता. तिथल्या बायका वाळूत झिरा खणायच्या, त्यात डोहातून पाझरेल ते पाणी प्यायला भरायच्या. ढवळूची धाकटी बहीण सरू त्याच पाड्यावर दिलेली.

दुसऱ्या साली मोगऱ्याची घरं वाढली, तसे पाइपही वाढले. इंजिन असतं तर डिझेल तरी संपलं असतं. उन्हावरच्या पंपाला थांब म्हणणारं काहीच नव्हतं. होळी होऊन गेली तरी तो दिवसभर चालत राहिला. ढवळू बंद करायला गेला की कोणीतरी म्हणायचं, "ऊन फुकट जातं, चालू दे की." त्याच्याही झाडांना कळ्या धरल्या होत्या. तो मागे फिरायचा.

चैत्रात सरू आली. ओट्यावर टेकून म्हणाली, "दादा, झिऱ्यात पानी येत नाय. वाटीवाटीनं हंडा भरतो आमी."

"कळ्यांचा भर हाय गं आता," ढवळू म्हणाला. "तो ओसरला की बंद करतो."

"बरं."

ती भांडली नाही. चहा प्याली. निघताना रामीने ओंजळभर कळ्या दिल्या, त्या पदरात बांधून घेतल्या.

पण पाणी मिळत होतं तोवर भर ओसरत नव्हता. झिरा आटला. खालच्या पाड्यावरच्या बायका पलीकडच्या घळीतल्या विहिरीवर जाऊ लागल्या. तिथून भरला हंडा घेऊन चढताना सरूचा पाय निसटला आणि मांडीचं हाड मोडलं. माणसांनी झोळी करून तिला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपने जव्हारला नेलं. हाड जुळलं, पण पाय आखूड पडला.

ढवळू दवाखान्यात गेला, खाटेजवळ उभा राहिला. म्हणाला, "पंप बंद केला मी."

"मोगरा सुकंल ना मग?" सरूने विचारलं.

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या होळीला त्याने कोणाचं ऐकलं नाही. सकाळचं पाणी झालं की पंपाच्या पेटीला कुलूप घालायचा आणि किल्ली कमरेला लावून हिंडायचा. दोन घरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. स्वतःचा अर्धा मोगरा त्याने उपटला. चैत्रात एकटाच खाली जाऊन त्याने झिरा उकरला, तर वाळूतून नितळ पाणी वर आलं.

भरायला मात्र फारसं कोणी नव्हतं. आदल्या उन्हाळ्याला कंटाळून बरीच घरं वीटभट्टीवर गेली होती. सरूला हंडा उचलणं जमेना, म्हणून तिच्या मुलाने, उमेशने, तिला वाडा शहरात नेलं होतं. तो तिथे कारखान्यात होता.

ढवळू वाड्याला गेला. चाळीतल्या एका खोलीत सरू तांदूळ निवडत बसली होती. दारात पिंप होतं. नळ एक दिवसाआड येतो, असं ती म्हणाली.

"झिऱ्याला पानी आलंय," ढवळू म्हणाला. "चांगलं गोड हाय. तू चल ना परत."

सरूने सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"आता कोन हाय तिथं, दादा?"

 तिने त्याला जेवायला वाढलं. तो खाली मान घालून जेवला आणि मोखाड्याच्या एसटीसाठी निघाला. सरू त्याला पोचवायला कोपऱ्यापर्यंत आली. तिच्या पावलाबरोबर चालायला ढवळूला फार हळू चालावं लागलं.