शेजारची वीट

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. आमच्या वीटभट्टीवर अद्ध्यांचा, म्हणजे अर्ध्या विटांचा, ढीग जसा आपोआप वाढतो ना, तसे ते साठत जातात. त्यातून आमच्या आणि विजूच्या घरामधली भिंत कमरेएवढीच. विटा आमच्याच, पण भिंत मीच उंच होऊ दिली नाही. शेजार दिसायला नको का!

विजू म्हणजे माझ्या शेजारणीची, कमलची मुलगी. नगरला कॉलेज करून मुंबईला अणुभट्टीच्या कामात लागली. दुष्काळाच्या साली पीएच.डी.चं लिहायला सुट्टी घेऊन घरी आली, तेव्हाच्या या गोष्टी.

* * *

आली त्याच दिवशी मी भिंत ओलांडून थेट तिच्या खोलीत!

"काकू, तुमच्यापुरतं आमचं घर म्हणजे शिंगणापूरच. दारच नाही!" ती हसली.

"ते असू दे. तू बाँब करतेस म्हणतात, खरं का गं?"

"बाँब कसला! वीज करायची चूल म्हणा. लोखंडाचा गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साईड. तसं युरेनियम धातूचं ऑक्साईड घेऊन त्याच्या काळ्या गोळ्या करतात, खडूच्या तुकड्याएवढ्या. त्या तापतात, पाण्याची वाफ होते, वाफेवर वीज. दुसऱ्या धातूंची ऑक्साईडं त्यात मिसळली की काय होतं, ते मी बघते. गोळी तापली पाहिजे, पण कधीही वितळता कामा नये."

"मग तू नेमकं काय करतेस?"

"मी वितळवते!"

* * *

एकदा मुंबईहून तिच्या गाईड सरांचं पत्र आलं. मी काही ते वाचलं नाही हं. ते उघडं पडलं होतं आणि माझी नजर पडली, एवढंच. सातवी शिकलेली मी, इंग्रजी मला कुठलं येतंय? पण तांबडी रेघ येते!

"सर रागावलेत का गं?"

"प्रबंधावर सही देत नाहीत."

झालं होतं असं, की विजूच्या मिसळीच्या गोळ्या सरांच्या अंदाजापेक्षा बऱ्याच आधी वितळल्या. तेवढ्या आगीत थर्मामीटर टिकत नाही. भिंगातून आगीचा रंग बघून उष्णता ठरवायची. सरांचं म्हणणं, तू रंगच चुकीचा वाचलास.

"मग, चुकलीस का?"

"चार वेळा केलं, काकू. चारही वेळा तेच. मी आकडा बदलणार नाही."

* * *

इकडे कमलनं धोशा लावला. दसऱ्यापर्यंत सही मिळाली नाही तर नोकरी सोडायची आणि उभं राहायचं बोहल्यावर! संगमनेरचे पाहुणे बघायलाही आले. मुलाच्या आईनं विचारलं, "स्वयंपाक येतो ना?"

विजू म्हणाली, "अडीच हजार डिग्रीच्या वरचा येतो. खालचा शिकावा लागेल."

पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले. मी संपवले.

* * *

त्याच आठवड्यात आमची भट्टी उघडली, तर कोपऱ्यातल्या विटा वितळून एकमेकींना चिकटलेल्या! आम्ही त्यांना खंगर म्हणतो. डोकं मोकळं होईल म्हणून विजूलाही मी बरोबर नेलं होतं.

आमचे हे भट्टी लावणाऱ्या सखारामवर कडाडले, "आग जास्त दिलीस तू!"

"आग तेवढीच हाय, मालक. वढ्याची माती सरली म्हनून हिरीची चुनखडी मिसळली न्हवं का तुमी? नुसता चुना न्हाई वितळत, नुसती माती बी न्हाई. दोगं मिळाली की पानी!"

"कशावरून?"

सखारामनं खंगरीला लागूनच असलेली एक वीट काढून पुढं धरली. "ही निस्त्या मातीची. शेजारीच हुती, त्याच आगीत. बघा, साबूत हाय!"

विजू त्या विटेकडे बघतच राहिली. मग मला म्हणाली, "काकू, साधी गोळी मिसळीच्या गोळीशेजारी ठेवायची, एकाच आगीत. मग रंग कोणी का वाचेना!"

"बरं, मग?"

"मुंबईची एस.टी. किती वाजता?"

* * *

मुंबईत मिसळीची गोळी वितळली, शेजारची साधी साबूत राहिली; सरांना तसं कळवून विजू परत आली. दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी दारात मोटार थांबली. सर! बायकोला घेऊन शिंगणापूरला निघालेले. मी भिंतीवरूनच "या, या" म्हटलं.

सरांनी चहाही घेतला नाही. "शेजारी ठेवायची कल्पना कुणाची?" म्हणाले.

विजू त्यांना सरळ भट्टीवर घेऊन गेली. मीही गेलेच.

सरांनी सखारामला विचारलं, "उष्णता कशानं मोजता?"

"डोळ्यानं."

"आणि डोळा चुकला तर?"

"शेजारची वीट सांगती की."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि विजूपुढं हात केला. तिनं पिशवीतून कागद दिले. टेबल तर नव्हतं. सखारामनं एक सपाटशी खंगर फडक्यानं पुसून पुढं केली. तिच्यावर कागद ठेवून सरांनी सही केली.

निघताना ती खंगर त्यांनी मोटारीत ठेवायला सांगितली. सरांची बायको म्हणाली, "अहो, देवाला चाललोय आपण! ही कशाला?"

सर सखारामकडे वळले. "एकटी नको. तिच्या शेजारचीही द्या!"