ज्याच्याकडे पासपोर्ट

स्टोअरकाकांच्या शर्टाच्या खिशात त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स असायची. प्लास्टिकच्या पाकिटात, नीट घडी घातलेली. बोलता बोलता दर पाच मिनिटांनी त्यांचा हात तिकडे जायचा. नव्या माणसाला वाटायचं, यांना छातीचं काही दुखणं आहे. खरा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. त्या काळी आखातात, फुजैरात, आम्हा सगळ्यांचेच तिथे असायचे आणि वर्षातून एकदा, सुट्टीवर निघताना, हातात पडायचे. आमचं त्यावाचून फारसं काही अडत नसे. काकांचं अडायचं. "वहिनी, ज्याच्याकडे पासपोर्ट, माणूस त्याचा," ते म्हणायचे. "बाकी सगळं बोलायला."

बंदरावरच्या तेलाच्या टर्मिनलचं स्टोअर ते सांभाळत. माझा नवरा श्रीकांत त्यांच्या शेजारच्या ऑफिसात आणि आमचं घरही त्यांच्या शेजारी. सही घेतल्याशिवाय त्यांच्या स्टोअरमधून साधा वॉशर बाहेर जात नसे. ही सवय घरापर्यंत आली होती. मी एकदा त्यांची किसणी मागायला गेले, तर त्यांनी डायरीचं पान फाडून पुढे केलं. मी हसत हसत सही केली. त्यांनी अगदी गंभीरपणे ते पान खिशात ठेवलं.

बायको लवकर गेली, म्हणून मुलगी नीता वाईला त्यांच्या बहिणीकडे वाढली. काकांना ती वर्षातून एक महिना दिसायची. त्या महिन्याआधीचा आठवडा आमच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप. कंपनीची सरकारी कामं बघणारा मंदूब पासपोर्ट आज देतो की उद्या, या चिंतेत काका जेवायचे नाहीत. मंदूबाचं ठरलेलं उत्तर, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या, देवाची इच्छा असेल तर. एका वर्षी मंदूबच तापाने आडवा पडला, तिजोरीची किल्ली त्याच्याकडे, आणि काकांचं विमान गेलं. वाईच्या स्टँडवर नऊ वर्षांची नीता आत्याचा हात धरून संध्याकाळपर्यंत उभी होती. ही गोष्ट ते मला दर दोन-चार महिन्यांनी सांगत आणि दर वेळी 'संध्याकाळपर्यंत' या शब्दाशी थांबत.

ही नीता पुढे शिकायला फ्रान्सला गेली आणि तिथल्याच ल्यूक नावाच्या मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली. ल्यूकच्या आईने काकांना उन्हाळ्यात दोन आठवडे आपल्या गावी बोलावलं. पत्र घेऊन काका आमच्याकडे आले. "एकटा गेलो तर मी नुसता गेस्ट. आपल्या बाजूचं कुणीतरी पाहिजे. श्रीकांत, तुम्ही दोघं चला." असे आम्ही मुलीकडचे म्हणून दक्षिण फ्रान्सच्या एका खेड्यात जाऊन पोचलो. नीता तिथे आधीच येऊन राहिली होती.

गाव लहानसं. एक चर्च, एक बेकरी आणि चहूकडे द्राक्षांचे मळे. दुपारी गावातल्या सगळ्या खिडक्यांची लाकडी दारं बंद व्हायची आणि रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. उन्हाबद्दल लोक आमची माफी मागायचे. फुजैरातून आलेल्या आम्हाला तो गारवा वाटत होता. ल्यूकच्या आईला आम्ही आपसात विहीणबाई म्हणू लागलो. धिप्पाड, हसऱ्या, कमरेला कायम एप्रन. काका त्यांच्याशी हिंदीत बोलत. परक्या माणसाशी हिंदीत बोलायचं, ही आखातातली सवय. विहीणबाई फ्रेंचमध्ये उत्तर देत आणि जर्दाळूचा मुरंबा वाढत. चार दिवस छान गेले.

पाचव्या दिवशी सकाळी विहीणबाईंनी चमचे काढायला स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं. आत पिवळी फाइल होती. लग्नाची नोंद गावच्या कचेरीत व्हायची, तिचे सगळे कागद त्यात आणि वर नीताचा पासपोर्ट. विहीणबाईंनी कपाटाला किल्ली लावली आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. काकांचा चेहरा उतरला.

"वहिनी, बघितलंत? लॉक करून ठेवलाय."

"अहो काका, शुक्रवारी कचेरीत दाखवायचाय. हरवू नये म्हणून ठेवला असेल."

"मंदूब पण हेच सांगायचा."

त्यानंतर त्यांना घास जाईना. अंगणात येरझाऱ्या घालायचे. आधी मला त्यांचा राग आला, मग भीती वाटू लागली, कारण हा माणूस काय करील याचा नेम नव्हता.

शुक्रवारी सकाळी फाइल उघडली तर पासपोर्ट नाही. कचेरी बाराला बंद होणार आणि आज कागद दिले नाहीत तर ठरलेली तारीख हुकणार. घर उलटंपालटं झालं. विहीणबाईंनी पिठाचा डबासुद्धा ओट्यावर रिकामा केला आणि त्या पिठाच्या हातांनीच डोळे पुसू लागल्या. चूक आपलीच, असं त्यांना वाटत होतं. मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा हात खिशाकडे जात नव्हता. दुपारी विहीणबाई झोपल्या की एप्रन खुंटीवर असतो, हे मलाही ठाऊक होतं.

मी तोंड उघडणार, इतक्यात नीता त्यांच्या समोर येऊन जमिनीवर बसली. तिलाही कळलं होतं.

"बाबा, बावीस वर्षं तुमचा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत असतो. तुम्ही कंपनीचे झालात का?"

काकांनी नजर ओट्यावरच्या पिठाकडे वळवली.

"मी स्टँडवर उभी होते ना, तेव्हा रडत होती आत्या. मी नाही. मला माहीत होतं, तुम्हाला लेट होईल, पण तुम्ही येणार."

काकांनी खिशातून नीताचा पासपोर्ट काढला. घामाने दमट झाला होता. त्यांनी तो नीताला दिला नाही. उठून विहीणबाईंपुढे गेले, दोन्ही हातांनी पासपोर्ट पुढे केला आणि दुसऱ्या खिशातून डायरी काढून पान फाडलं. "साइन कर दीजिए," ते म्हणाले. विहीणबाईंना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी त्या पानावर पिठाच्या बोटांनी झोकदार सही केली. आम्ही पावणेबाराला कचेरीत पोचलो.

पुढे काका रिटायर होऊन वाईला गेले. नीता, ल्यूक आणि त्यांची छोकरी दर उन्हाळ्यात महिनाभर यायची. आल्या आल्या नीता तिन्ही पासपोर्ट काकांच्या हातात द्यायची. "घ्या बाबा, महिनाभर तुमच्या स्टोअरमध्ये." काका ते कपाटात ठेवून कुलूप लावायचे. निघायच्या दिवशी मात्र ते सापडायचे नाहीत. मी एकदा तिथे होते. बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवतोय आणि काका एकेक खण उपसताहेत, "इथेच तर ठेवले होते" म्हणताहेत. नीता पायरीवर निवांत बसून दुसरा चहा घेत होती. ल्यूकलाही तिने सांगून ठेवलं होतं, की विमानाच्या वेळेआधी एक तास बाबांचा धरायचा.

मागच्या थंडीत काका गेले. त्यांच्या खिशात ते सही केलेलं पान निघालं. उन्हाळ्यात नीता आली, सवयीने पासपोर्ट त्याच कपाटात ठेवले, आणि परत गेल्यावर तिने मला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग म्हणाली, "काकू, या वेळी निघताना पासपोर्ट लगेच सापडले."