डाएट सोडा आणि दोन समोसे

कल्पनाताई डांगरे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात राहत आणि नवा रायपूरमधल्या एका सरकारी कार्यालयात नोकरी करत. वजन उतरवायचं म्हणून त्यांनी साखरेचा चहा आणि सरबतं बंद करून डाएट सोडा धरला. घरी मात्र बारावीतल्या लेकीच्या, ज्ञानदाच्या ताटातली पुरी उचलून घेत. “पोट्टी, किती सुटली तू! माझ्याकडून शीक,” असं पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणत.

तरी वजनाचा काटा हलेना. शेवटी लेकीला सोबत घेऊन त्या आहारतज्ज्ञ बाईंकडे गेल्या.

“मॅडम, साखर सोडून मी डाएट सोडाच पिऊन राहिली. मग वजन काहून नाही उतरत?”

“सोड्यात साखर नाही हे खरं. पण त्याच्यासोबत काय खाता?”

“काहीच नाही.”

ज्ञानदा सहज बोलून गेली, “मम्मी, दो समोसे लेती हो ना? बोलती हो, सोडा डाइट वाला है, तो चलता है।”

“मग सोड्यानं जे वाचलं, ते समोशांनी भरून काढलं,” बाई शांतपणे म्हणाल्या.

कल्पनाताईंना मान वर करवेना. खोटं उघडं पडल्यापेक्षा, पाहुण्यांसमोर उतरलेला लेकीचा चेहरा आठवून त्यांना जास्त बोचत होतं.

बाहेर स्कूटीपाशी त्या म्हणाल्या, “तुले मी लय बोलली बेटा. चुकलं माझं.”

“हव,” एवढंच म्हणून ज्ञानदा मागे बसली.

समोसे सुटले, वजनही हळूहळू उतरलं. पण ज्ञानदा अजून अभ्यासाचं निमित्त करून आपल्या खोलीत एकटीच जेवते, आणि कल्पनाताईंना तिला हाक मारायची हिंमत होत नाही.